सकळ लिपी
महानुभाव पंथाची सांकेतिक लिपी. पंथपरंपरेनुसार कर्ता रवळोबास. काळ १४ वे शतक. ठरलेल्या अक्षराऐवजी दुसरे अक्षर वा चिन्ह लिहायचे, अशी तिची प्रतिस्थापनाची रीत. कोणत्या अक्षराऐवजी काय लिहायचे हे सांगणाऱ्या किल्लीसाठी यंत्र नव्हते. ती गुरुशिष्यांच्या स्मरणात असे. अशा संकेताचा दुबळेपणा उघड आहे : कोणते अक्षर किती वेळा येते, हे लपत नाही. ९ व्या शतकात अरब विद्वान अल्-किंदीने हीच वारंवारता मोजून गुप्तलेख फोडण्याची पद्धत सांगितली होती. तरीही पोथ्या कित्येक शतके पंथाबाहेर वाचल्या गेल्या नाहीत. याचे श्रेय लिपीपेक्षा पंथाच्या शिस्तीला अधिक. २० व्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि महानुभावांचे आद्य मराठी गद्य अभ्यासकांपुढे आले. सुंदरी ही पंथाची आणखी एक सांकेतिक लिपी.