गोबरवायूचा इतिहास : चूल, उकिरडा आणि मैला

भारतातील गोबरवायूचा इतिहास लिहिताना सामान्यतः खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६१-६२ मध्ये हाती घेतलेल्या योजनेपासून प्रारंभ केला जातो. परंतु या तंत्राच्या वापराची मुंबईतील जुनी नोंद गोठ्यातील नसून माटुंग्याच्या कुष्ठरुग्ण आश्रमातील आहे. म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये हा आश्रम उभा राहिला. (मराठीच्या अभ्यासकांना ॲकवर्थ परिचित आहेत ते शाळिग्राम यांच्यासमवेत पोवाडे संकलित करणारे म्हणून.) तेथे १८९७ च्या सुमारास मैल्यापासून मिळणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला. मूळ प्रश्न मैल्याच्या विल्हेवाटीचा होता. इंधन हा त्याचा आनुषंगिक लाभ होता.

शेणाचा प्रश्न निराळा होता. भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात असे प्रतिपादन केले, की शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून. गोवरी चुलीत गेली की शेत खतावाचून राहते आणि शेण उकिरड्यात गेले की चुलीला जळण उरत नाही. ही कोंडी फोडण्याचे सामर्थ्य कुजवणीच्या प्रक्रियेतच होते. हवाबंद टाकीत शेणकाला कुजताना त्यातील काही कार्बन मिथेनच्या रूपाने बाहेर पडतो. नत्र मात्र बहुतांशी मळीत टिकून राहते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३० च्या दशकाअखेरीस या दिशेने प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र सिद्ध केले व आयोगाने तेच स्वीकारले. लोखंडाचा खर्च आणि गंज यांवर उपाय म्हणून १९७८ मध्ये ‘जनता’ व १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ ही स्थिर घुमटाची संयंत्रे आली.

तथापि या योजनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे गोठा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ताजे शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. ज्यांच्या दावणीला एखादीच गाय, किंवा तीही नाही, ते कुटुंब लाभार्थी ठरूच शकत नव्हते. माळावर, रस्त्यावर पडलेले शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन स्त्रीच्या दृष्टीने तर शेणाला मोल येणे हे संकटच होते. यंत्राच्या यशापयशाची चर्चा अनुदानाच्या आकड्यांत करणाऱ्या शासकीय लेखनात या बाजूची दखल क्वचितच आढळते.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचा धागा पुन्हा हाती घेतला. रत्नागिरी तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, या त्यांच्या मागणीसाठी १९३२ मध्ये गांधीजींनीही उपोषण केले होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास, खत आणि वायू यांचा एकत्रित विचार केला. मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाची त्या कामातून सुटका हा त्यामागील हेतू होता. देहू येथील डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी त्याच विचारातील ‘मलप्रभा’ संयंत्र पुढे विकसित केले. अशा वायूवर अन्न शिजविण्याबद्दलची किळस हा मात्र तंत्राबाहेरचा अडसर होता.

‘प्रदूषण’ हा शब्द या चर्चेत तुलनेने उशिरा आला. उघड्या उकिरड्यातून मिथेन हवेत जातो आणि पावसाबरोबर नत्र विहिरी-ओढ्यांत उतरते. संयंत्रामुळे पहिला दोष बराच आटोक्यात येतो, परंतु दुसरा आपोआप टळत नाही. मळी शेतात योग्य वेळी व योग्य प्रमाणात न देता नाल्यात सोडली तर पाणी दूषित होतेच. त्यामुळे गोठ्यांची संख्या मोठी आणि शेतजमीन अपुरी असेल तेथे केवळ संयंत्र उभारून भागत नाही.

मापुस्कर यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण स्वच्छ भारत अभियानांतर्गत ‘गोबरधन’ योजना सुरू केली. सव्वाशे वर्षांपूर्वी माटुंग्यात स्वच्छतेच्या प्रश्नातून पुढे आलेले हे तंत्र अशा रीतीने पुन्हा स्वच्छतेच्या खात्यात आले. नाव मात्र शेणाचेच राहिले.