एक धर्मग्राम आणि त्याची शाळा

आपल्याकडे देऊळ आणि शाळा यांचा शेजार फार जुना आहे. गांवच्या मारुतीच्या ओसरीवर धूळपाट्या घेऊन बसलेलीं मुलें आणि त्यांच्यासमोर छडी सांवरून बसलेले पंतोजी, हें चित्र आपल्या पूर्वजांच्या चांगल्या परिचयाचें होतें. देवाला शाळेच्या गलक्याचा त्रास होत नसे, आणि शाळेला देवाचें भाडें भरावें लागत नसे. परंतु असा शेजार दीडशें वर्षें टिकला, त्या काळांत युद्धें आलीं, वस्ती पालटली, जुने लोक गेले आणि नवे आले, तर त्या दोघांचें परस्परांशीं नातें काय राहतें? या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक हकीकत मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. ती आपल्या देशांतली नाहीं. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील संत अॅलॉयशिअस यांचें चर्च आणि त्याला लागून असलेलें गोंझागा नांवाचें मुलांचें हायस्कूल, यांची ती हकीकत आहे.

आरंभीं एका शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. कॅथलिक पंथांत प्रत्येक चर्चला आपली हद्द नेमून दिलेली असते. त्या हद्दींतलीं सर्व कुटुंबें, त्यांचा धर्मगुरु आणि त्यांचें मंदिर मिळून जो समाज होतो, त्याला इंग्रजींत ‘पॅरिश’ म्हणतात. वसईकडील आपले ख्रिस्ती बांधव त्याला ‘धर्मग्राम’ असा सुंदर शब्द वापरतात. तोच मी येथें घेतों. हा धर्मग्राम आणि ही शाळा दोन्ही येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं चालविलीं. हा संघ आपल्याला परका नाहीं. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, आणि १८६९ सालीं निघालेलें मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज हेंही याच संघाचें.

वॉशिंग्टन हें मुद्दाम वसविलेलें शहर. १८०० सालीं राज्यकारभार तेथें आला, तेव्हां अर्धवट बांधलेल्या सरकारी इमारती आणि त्यांच्यामधला चिखल याखेरीज तेथें फारसें कांहीं नव्हतें. शहरांतील जुन्या सेंट पॅट्रिक चर्चच्या शेजारीं १८२१ सालीं येशूसंघानें मुलांची एक शाळा उघडली. तिचें नांव वॉशिंग्टन सेमिनरी. पहिले प्रमुख फादर अँथनी कोलमन हे मोठे विद्वान होते. शाळेचा लौकिक लवकरच पसरला. परंतु सहा वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच तिच्यावर एक विलक्षण संकट आलें. तें संकट विद्यार्थ्यांच्या अभावाचें नव्हतें, किंवा विरोधकांच्या द्वेषाचेंही नव्हतें. तें फीचें संकट होतें!

संघाचे संस्थापक संत इग्नेशिअस यांनीं असा दंडक घालून दिला होता कीं, संघाच्या शाळांनीं शिकविण्याबद्दल कोणाकडूनही मोबदला घेऊं नये. विद्या विकूं नये हा आपल्याकडचाही जुना संकेत. परंतु आपल्याकडे त्या संकेतामागें इनाम जमिनी होत्या, दक्षिणा होती, आणि माधुकरी घालणारीं घरें होतीं. युरोपांतही संघाच्या विद्यालयांमागें राजेरजवाड्यांच्या देणग्या उभ्या असत. १७७३ सालीं पोपनें संघ मोडला आणि १८१४ सालीं तो पुन्हां जिवंत झाला. मधल्या काळांत त्या देणग्या पार नाहींशा झाल्या होत्या. अमेरिकेंत तर राजाच नव्हता! शिक्षकांनीं खावें काय, आणि घराचें भाडें द्यावें कशांतून? म्हणून वॉशिंग्टनच्या शाळेंत मुलांकडून थोडीशी फी घेऊं लागले. रोमला हें कळलें, आणि नियम म्हणजे नियम, असें उत्तर आलें. १८२७ सालीं संघानें त्या शाळेंतून आपलें अंग काढून घेतलें. पुढें १८३३ सालीं पोपनीं या नियमाला सवलत दिली, आणि १८४८ सालीं संघानें ही शाळा पुन्हां हातीं घेतली. तत्त्व शुद्ध राखावें तर शाळा बुडते, आणि शाळा जगवावी तर तत्त्वाला मुरड घालावी लागते, हा पेंच या शाळेच्या जन्मापासून तिच्या पाठीशीं लागला. तो पुढेंही वेगळ्या रूपानें पुन्हांपुन्हां आलेला आपल्याला दिसेल.

१८५८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून या शाळेला कॉलेजचा दर्जा दिला आणि तिचें नांव गोंझागा कॉलेज असें झालें. याच सुमारास शहराच्या उत्तरेकडील एका सखल, दलदलीच्या भागांत संघानें नवें चर्च बांधण्यास घेतलें होतें. या भागाला लोक ‘स्वाम्पूडल’ म्हणत. टायबर नांवाचा ओढा तेथून वाहत असे आणि पावसाळी दिवसांत त्याचें पाणी सभोंवार पसरे. १८४५ नंतर आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांतून जीव वांचवून आलेले आयरिश मजूर येथें झोंपड्या बांधून राहिले होते. त्यांच्यासाठीं हें चर्च. त्याचा आराखडा काढला फादर सेस्टिनी यांनीं. हे गृहस्थ मुळांत गणिती व ज्योतिषी. सूर्यावरील डागांचीं चित्रें काढण्याबद्दल त्यांची ख्याति होती. त्यांच्या ओळखीचा इटालियन चित्रकार कॉन्स्टांटिनो ब्रुमिडी त्या वेळीं काँग्रेसच्या इमारतींत भिंती रंगवीत होता. त्याच्याकडून त्यांनीं वेदीवरील मोठें चित्र काढून घेतलें.

१८५९ च्या ऑक्टोबरांत चर्चचें समर्पण झालें. राष्ट्राध्यक्ष बुकॅनन स्वतः हजर होते. न्यूयॉर्कचे आर्चबिशप ह्यूज यांचें प्रवचन झालें. गरीब मजुरांच्या वस्तींत त्या दिवशीं केवढा थाट! परंतु त्याच महिन्यांत, त्या शहराहून फार दूर नसलेल्या हार्पर्स फेरी येथें जॉन ब्राउन यानें गुलामांच्या मुक्ततेसाठीं सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. अमेरिकेंतील यादवी युद्धाची ती पहिली ठिणगी होती.

ज्या संतांचें नांव या चर्चला आणि शाळेला दिलें, त्यांच्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अॅलॉयशिअस गोंझागा हे इटलींतील एका सरदार घराण्याचे वडील पुत्र. जन्म १५६८ चा. वारसाहक्काचें सगळें वैभव धाकट्या भावाच्या स्वाधीन करून त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली. १५९१ सालीं रोममध्यें सांथ आली असतां रस्त्यांत पडलेल्या रोग्यांना पाठीवर घेऊन ते इस्पितळांत नेऊं लागले. त्या सेवेंतच त्यांना आजार जडला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. विद्यार्थ्यांचा संरक्षक संत म्हणून त्यांना मान मिळाला तो या मरणामुळें. नांव ठेवणें सोपें असतें; त्या नांवाला जागणें कठीण. या धर्मग्रामाची कसोटी तीन वर्षांतच लागली.

१८६२ सालीं युद्ध ऐन भरांत होतें. वॉशिंग्टनजवळच्या लढायांतून जखमी शिपायांच्या गाड्यांमागून गाड्या शहरांत येत होत्या. शाळा, चर्चें, कचेऱ्या, जी मोठी इमारत दिसेल ती सरकार रुग्णालयासाठीं ताब्यांत घेत होतें. संत अॅलॉयशिअस चर्चलाही तसा हुकूम आला. धर्मग्रामाचे प्रमुख फादर विगेट यांच्यापुढें मोठा प्रश्न पडला. जखमींना नाहीं म्हणणें म्हणजे आपल्याच संताला नाहीं म्हणणें. आणि होय म्हणावें, तर ज्यांनीं कष्टाच्या मजुरींतून दिडकी-दिडकी जमवून चर्च उभें केलें त्यांनीं प्रार्थनेला जावें कोठें? त्यांनीं सरकारला विचारलें, चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेंत आम्ही रुग्णालय बांधून दिलें तर चालेल काय? सरकारनें मान्य केलें. धर्मग्रामांतले सुतार, गवंडी, हमाल पुढें सरसावले, आणि सुमारें आठ दिवसांत लांकडी रुग्णालय उभें राहिलें. त्याला संत अॅलॉयशिअस यांचेंच नांव मिळालें. चर्च वांचलें, आणि तेंही कर्तव्य चुकवून नव्हे, तर अधिक कष्ट करून वांचलें.

इतका वेळ शाळा मात्र आपल्या जुन्या जागेंत, शहराच्या गजबजलेल्या भागांत होती. १८७१ सालीं ती चर्चच्या शेजारीं नेण्यांत आली. त्या वर्षापासून खऱ्या अर्थानें दोघांचा संसार सुरू झाला. प्रारंभ फारसा शुभ नव्हता. शहराच्या मध्यवस्तींतील सुखवस्तु कुटुंबें आपल्या मुलांना स्वाम्पूडलच्या चिखलांत धाडण्यास नाखूष, आणि स्वाम्पूडलच्या मजुरांना फी परवडेना. विद्यार्थ्यांची संख्या रोडावली. शाळा धर्मग्रामाच्या दारांत आली, पण धर्मग्रामाचीं बहुतेक मुलें दाराबाहेरच राहिलीं, अशी अवस्था झाली. जुना फीचा पेंच तो हाच. हळूहळू ट्रॅमगाड्यांची सोय झाली, शहर वाढलें, आणि दूरदूरचीं कॅथलिक मुलें येऊं लागलीं. कॉलेजचे वर्ग कालांतरानें मावळले आणि हायस्कूल तेवढें उरलें. नांवांत मात्र कॉलेज हा शब्द अजून आहे: गोंझागा कॉलेज हायस्कूल.

पुढें १९०७ सालीं जवळच मोठें रेल्वे स्टेशन उघडलें. त्यासाठीं स्वाम्पूडलचा बराच भाग जमीनदोस्त झाला. आयरिश कुटुंबांना बरे दिवस येत चालले, तसतशीं तीं उपनगरांकडे सरकलीं. त्यांच्या जागीं दक्षिणेंतून आलेलीं नीग्रो म्हणून हिणविलेलीं गरीब कुटुंबें आलीं. वर्णभेद त्या शहराच्या हाडींमाशीं खिळला होता. १९४८ सालापासून आर्चबिशप ओबॉयल यांनीं आपल्या कॅथलिक शाळांतून तो काढण्यास आरंभ केला. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निर्णय १९५४ सालीं, म्हणजे सहा वर्षांनीं आला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

१९६८ च्या एप्रिलांत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. महात्माजींचा मार्ग आपला मानणाऱ्या या पुरुषाच्या मृत्यूनें वॉशिंग्टनमध्यें जाळपोळ उसळली, आणि शाळेच्या आसपासच्या रस्त्यांवरील दुकानेंही पेटलीं. पालक घाबरले. शाळा बंद करावी किंवा ती उपनगरांत न्यावी, असे विचार निघाले. दुसऱ्या कित्येक संस्थांनीं तोच मार्ग धरला होता. गोंझागानें तो धरला नाहीं. ज्या संतानें रोगी उचलण्यासाठीं राजवैभव सोडलें, त्याच्या नांवाची शाळा गरिबांचा शेजार सोडून पळाली असती, तर तिनें मुलांना काय शिकविलें असतें?

या निश्चयाला बळ देणारा एक वृद्ध धर्मगुरु त्या वेळीं चर्चमध्यें होता. त्यांचें नांव फादर होरेस मॅकेन्ना. जन्म १८९९ चा. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें त्यांनीं दक्षिण मेरीलँडच्या खेड्यांत, एकाच चर्चमध्यें काळ्यांना मागें आणि गोऱ्यांना पुढें बसविण्याच्या चालीशीं झुंजण्यांत घालविलीं होतीं. येथें आल्यावर त्यांनीं भुकेल्यांसाठीं अन्न आणि बेघरांसाठीं आसरा यांचा ध्यास घेतला. १९७० सालीं इतरांच्या साह्यानें त्यांनीं गरिबांना जेवण देणारी संस्था काढली. चर्चच्या जवळ गरिबांसाठीं ‘सुर्सुम कोर्दा’ नांवाची घरांची वसाहत उभी राहिली, तिच्यामागेंही त्यांची प्रेरणा होती; ती वसाहत आतां राहिलेली नाहीं. १९८२ सालीं फादर मॅकेन्ना वारले. पुढच्याच वर्षीं चर्चच्या तळघरांत त्यांच्या नांवानें बेघरांसाठीं केंद्र निघालें. वर शाळेचीं मुलें प्रार्थनेला जमतात, आणि खालीं ज्यांना घर नाहीं ते लोक उबेला बसतात. एकाच इमारतीचे हे दोन मजले. त्यांच्यामधला जिना चढउतार करण्यास मुलांनीं शिकावें, हा तेथील शिक्षणाचा एक भाग झाला.

आतां शेवटची गोष्ट. माणसें निघून गेल्यावर धर्मग्राम कितीही जुना असला तरी टिकूं शकत नाहीं. रविवारच्या मिस्साला येणाऱ्यांची संख्या घटत गेली, आणि २०१२ सालीं संत अॅलॉयशिअस धर्मग्राम शेजारच्या होली रिडीमर धर्मग्रामांत विलीन करण्यांत आला. दीडशें वर्षांचा संसार संपला. ज्या लोकांनीं आठ दिवसांत रुग्णालय उभारून आपलें चर्च वांचविलें, त्यांच्या पश्चात् तें चर्च आतां शाळेच्या सांभाळांत आलें. पूर्वीं चर्चच्या आधारानें शाळा उभी होती. आज शाळेच्या आधारानें चर्च उभें आहे. तळघरांतलें केंद्र मात्र बंद पडलें नाहीं.

श्रोतेहो, या शेवटाला दुःखान्त म्हणावें कीं सुखान्त, हें मला निश्चित सांगतां येत नाहीं. म्हाताऱ्या आईचा भार मुलानें उचलावा यांत सुख आहे. पण तिचें घर रिकामें झालें यांतलें दुःखही खोटें नाहीं. आपल्याकडेही जुन्या संस्थांच्या भोंवतालची वस्ती बदलत आहे. शहरांतल्या पेठांतून जुनीं कुटुंबें उपनगरांत गेलीं, आणि त्यांनीं वर्गण्या काढून बांधलेल्या शाळा मागें राहिल्या. त्या शाळांनीं जुन्या माणसांच्या मागें जावें, कीं दाराशीं आलेल्या नव्या माणसांना आपलें म्हणावें? वॉशिंग्टनच्या या शाळेनें एक उत्तर दिलें. तें देतांना तिला चुका, अडचणी आणि पैशाची ओढाताण चुकली नाहीं. परंतु जागा न सोडतां, शेजाऱ्याकडे पाठ न फिरवितां तिनें तें दिलें, एवढें तिच्या पदरीं श्रेय घालून मी आपली रजा घेतों.