अपस्मार : शब्द, कायदा आणि रुग्णाची साक्ष

अमरावती जिल्ह्यातील तिवसा हे तालुक्याचे गाव नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर आणि संत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी ही दोन्ही स्थळे याच तालुक्यात मोडतात. त्यामुळे या भागाविषयी लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वाभाविकपणेच पुराणकथेतील रुक्मिणीकडे, अथवा १९३५ साली स्थापन झालेल्या गुरुकुंज आश्रमाकडे वळते. पण याच गावांतून दुसराही एक इतिहास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्याची नोंद फारशी कोणी केलेली नाही. तो अपस्माराचा, म्हणजे लोकांच्या बोलीत मिरगीचा, फेफऱ्याचा किंवा फीट येण्याचा इतिहास होय. हा आजार विरळा नाही. मुंबईच्या पारशी समाजात केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण दर हजारी ४.७ इतके आढळले होते. हेच प्रमाण धरले, तर दोन हजार वस्तीच्या गावात आठ-दहा माणसे निघतात. गावाला मात्र त्यांतील एक-दोघेच ठाऊक असतात. बाकीची झाकलेली असतात.

या इतिहासाची अडचण साधनांच्या टंचाईची नाही; ती साधनांच्या स्वरूपाची आहे. मोठा झटका आला म्हणजे माणूस एकदम ओरडतो, कोसळतो, त्याचे अंग ताठ होते, हातपाय आचके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, जीभ चावली जाते, कधी वस्त्रातच लघवी होते. आणि एक-दोन मिनिटांनी हे सारे ओसरून तो गाढ झोपी जातो. परंतु यांपैकी काहीही त्याने स्वतः अनुभवलेले नसते. शुद्धीवर आल्यावर त्याला दिसतात ते भोवती जमलेले चेहरे; जाणवते ती दुखरी जीभ आणि मातीने भरलेला सदरा. स्वतःच्या आजाराची हकीकत त्याला परक्याच्या तोंडून ऐकावी लागते. ज्वराचा किंवा पोटशूळाचा रोगी आपल्या दुखण्याचा पहिला साक्षीदार असतो. अपस्माराचा रोगी तसा नसतो. परिणामी या आजाराविषयी जे काही लिहिले गेले ते बहुतेक सर्व बघ्यांनी लिहिले: वैद्यांनी, मांत्रिकांच्या टीकाकारांनी, इस्पितळांच्या अधिकाऱ्यांनी आणि न्यायाधीशांनी. ते वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

‘अपस्मार’ या संस्कृत संज्ञेत हीच गोष्ट नेमकी पकडलेली आहे. स्मरणाचा अपगम तो अपस्मार. चरकसंहितेत निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय या रोगाला वाहिलेला असून वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. झटक्यापूर्वीच्या लक्षणांत नसलेले शब्द ऐकू येणे हेही गणलेले आहे. म्हणजे पूर्वरूपाची ती माहिती कोणा रुग्णानेच वैद्याला सांगितलेली असली पाहिजे. बघ्याला ती कळण्याचा मार्ग नाही. एवढ्या प्राचीन ग्रंथात रुग्णाचा स्वर क्षणभर का होईना ऐकू येतो, हे लक्षणीय आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उन्मादाचा विचार चरकाने वेगळ्या अध्यायात केला आहे. दोन्ही अध्याय शेजारी आहेत, पण ते दोन आहेत. दोहोंना एकत्र आणणारा उपदेश एकच: अशा रोग्यास पाणी, अग्नी, झाड, डोंगर यांपासून सदैव जपावे, कारण ती स्थाने तत्काळ प्राणघातक ठरतात.

या उपदेशाचा अर्थ तिवशाच्या परिसरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवर पाणी शेंदणे, चुलीपुढे भाकरी थापणे, बैलगाडी हाकणे, पऱ्हाटीच्या शेतात भर उन्हात एकट्याने राबणे ही येथील नित्याची कामे; आणि फीट येणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून प्रथम वजा होतात ती हीच. पोराला विहिरीकडे जाऊ देत नाहीत, सुनेला चुलीपुढे एकटी बसू देत नाहीत. ही काळजी रास्त आहे. भाजण्याचे व बुडण्याचे अपघात खरेच घडतात. तथापि झटका येतो तो वर्षातून दोनदा किंवा महिन्यातून एकदा, आणि राखण असते ती रोजची. या आजारासह जगणे म्हणजे झटक्याची दोन मिनिटे नव्हेत, तर दोन झटक्यांमधले दिवस होत. ते दिवस सोबतीवाचून कोठेही न जाण्यात सरतात. लहान मुलांच्या एका प्रकारात तर कोसळणेही नसते. मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा वाचू लागते. शाळेत त्याला लक्ष नाही म्हणून शिक्षा होते, आणि आपल्याला शिक्षा कशाची झाली हे त्याला उमगत नाही.

आता लोकभाषेकडे वळू. मराठीत वेड ‘लागते’, भूत ‘लागते’, नाद ‘लागतो’. परंतु फेफरे ‘येते’, मिरगी ‘येते’, फीट ‘येते’, जसा ताप येतो किंवा झोप येते. लागते ते चिकटून राहते. येते ते जाते. हा भेद क्रियापदात इतका पक्का बसलेला आहे की, ‘त्याला मिरगी लागली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे झटका आणि वेड यांतील फरक, जो पुढे कायद्याच्या भाषेने पुसला, तो सामान्य मराठी भाषकाच्या व्याकरणात सुरक्षित होता. मात्र याच ‘येणे’ने दुसऱ्या बाजूस एक दार उघडे ठेवले, ते ‘अंगात येण्या’चे. अंगात येते ते बहुधा वार, तिथी, आरती पाहून येते. ते बोलते, प्रश्नांना उत्तरे देते. फीट तिथी पाहत नाही आणि बोलत नाही. इतके अंतर असूनही दोहोंचे क्रियापद एक, म्हणून ‘बाहेरचे’ काही आहे असा संशय घेणे सोपे जाते. ‘फीट’ हा इंग्रजीतून आलेला शब्द ‘तब्येत फिट आहे’ यातील शब्दाचा जुळा भासतो, पण मराठीने एकाला दीर्घ ईकार व स्त्रीलिंग देऊन त्यांना वेगळे काढले. ‘झटका’ हा हृदयविकाराचाही असतो आणि विजेचाही, त्यामुळे तो आडोशाला बरा. सर्वांत सोयीचा शब्द ‘चक्कर’. मुलीला ‘कधी कधी चक्कर येते’ एवढेच सोयरिकीच्या बैठकीत सांगितले जाते आणि ऐकणारे ते चक्कर म्हणूनच ऐकतात.

उपायांचाही इतिहास आहे. कांदा फोडून नाकाशी धरणे, चप्पल हुंगवणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे हे महाराष्ट्रभर ठाऊक असलेले उपाय वऱ्हाडातही चालतात. त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण साधे आहे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. घरातून कांदा आणून फोडेपर्यंत तेवढाच वेळ जातो. मग श्रेय कांद्याला मिळते. झटका चालू असताना रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि थांबावे, एवढेच करणे योग्य असते. पण भोवती जमलेल्यांना काहीही न करता थांबणे हेच कठीण जाते. किल्लीने तरी अपाय होत नाही. चप्पल मात्र निराळी गोष्ट आहे. भर चौकात, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्याचे पायताण धरले जाते, आणि शुद्धीवर येताना त्याला पहिली जाणीव होते ती त्या वासाची. भुताच्या नावाखाली होणारे अत्याचार तर याच्या पलीकडचे. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे ही कृत्ये नावानिशी नोंदवलेली आहेत. ही यादी कल्पनेतून उतरलेली नाही. मोझरीच्या परिसरात तुकडोजी महाराजांनी मांत्रिकीविरुद्ध लोकशिक्षण केले आणि १९५५ च्या ग्रामगीतेत ग्राम-आरोग्यास स्वतंत्र स्थान दिले, ही या संदर्भात नोंदण्यासारखी गोष्ट होय.

येथवरचा वृत्तान्त वाचून असा समज होण्याचा संभव आहे की, अंधश्रद्धा खेड्याची आणि विवेक शहराचा. कायद्याचा इतिहास या समजास दुजोरा देत नाही. ब्रिटिश अमदानीतील वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांचा तक्ता असे व त्यात अपस्माराचे सदर असे. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ चे आहे. ज्या शतकात ब्रोमाइडचा उपाय (१८५७) सापडला आणि हा आजार मेंदूतील पेशींच्या आकस्मिक विसर्जनाचा आहे असे ह्यूलिंग्ज जॅक्सनने १८७३ मध्ये मांडले, त्याच शतकात सरकारी कागदांवर त्याची जागा वेडाच्या शेजारी पक्की झाली. पुढे इंग्लंडच्या १९३७ च्या विवाहविषयक कायद्यात विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांत वेडाचे ‘किंवा अपस्माराचे’ वारंवार येणारे झटके समाविष्ट झाले. चरकाने दोन अध्यायांत ठेवलेले दोन रोग एका ‘किंवा’ने जोडले गेले.

भारताचा १९५५ चा हिंदू विवाह कायदा या बाबतीत अधिक सावध होता. त्याच्या मूळ पाठात अपस्माराचा उल्लेख नाही. तो आला १९७६ च्या दुरुस्तीने. कलम ५ मध्ये, ज्याला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येतात तो विवाहास योग्य नव्हे, अशी अट घालण्यात आली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली. या अटीचा भंग झाल्यास विवाह रद्द ठरवून घेता येई. येथे एक कालविपर्यास दिसतो. जवळजवळ याच शब्दांची इंग्लंडमधील तरतूद तेथील संसदेने १९७१ मध्ये काढून टाकली होती. ज्या घरातून हा शब्दप्रयोग आला त्या घराने टाकून दिल्यावर पाच वर्षांनी तो येथे स्वीकारला गेला. तोवर फिनोबार्बिटोन (१९१२) आणि फेनिटॉइन (१९३८) ही औषधे दशकानुदशके वापरात होती, मेंदूच्या विद्युत्‌लेखनावरील हान्स बर्गरचा पहिला निबंध प्रसिद्ध होऊन (१९२९) सत्तेचाळीस वर्षे लोटली होती, आणि १९७० साली स्थापन झालेली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था याच देशात काम करीत होती. अज्ञान हे या दुरुस्तीचे पुरेसे स्पष्टीकरण होत नाही. एका कायद्यातून दुसऱ्यात शब्द उतरवून घेताना प्रत्येक शब्दाचे वजन करण्याची तसदी घेतली गेली नाही, हेच अधिक संभवनीय दिसते.

ते दोन शब्द तेवीस वर्षे टिकले. असोसिएशनच्या आणि मज्जाविकारतज्ज्ञांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या विवाहकायदे दुरुस्ती अधिनियमाने ‘किंवा अपस्माराचे’ एवढेच शब्द दोन्ही कायद्यांतून वगळले. ‘वेडाचे’ हा शब्द तसाच राहिला. या तेवीस वर्षांत किती विवाह मोडले याची मोजदाद न्यायालयीन कागदांवरून होण्यासारखी नाही, कारण बहुसंख्य सोयरिकी न्यायालयापर्यंत जातच नाहीत. त्या बैठकीतच मोडतात. आणि ज्या मोडत नाहीत त्यांत गोळ्यांचे प्रकरण असते. माहेरी सकाळ-संध्याकाळ नेमाने घेतलेली गोळी सासरी लपवून घ्यावी लागते, धान्याच्या डब्यात किंवा लुगड्यांच्या घडीत. लपवणे अशक्य झाले की ती बंद होते. गोळी अचानक बंद केल्याने झटका येतो, तोही पूर्वीपेक्षा जोराचा. आणि मग ‘फसवणूक’ हा शब्द उच्चारला जातो. ज्या औषधाने आजार झाकला गेला असता तेच झाकण्याच्या नादात सोडावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार असून योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. पण त्यासाठी गोळी उघड्यावर ठेवता आली पाहिजे.

फसवणुकीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे १९७६ च्या दुरुस्तीपूर्वीच आला होता. १९७२ च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या एका निवाड्यात, वधूचा अपस्मार विवाहापूर्वी न सांगणे एवढ्यानेच विवाह रद्द ठरवण्याजोगी फसवणूक होत नाही, असा निष्कर्ष आहे. अलीकडचा निवाडा वऱ्हाडास अधिक जवळचा आहे, कारण तो तिवसा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या नागपूर खंडपीठाचा आहे. पत्नीस अपस्मार असल्याचे कारण दाखवून एका पतीने घटस्फोट मागितला होता. कुटुंब न्यायालयाने तो २०१६ मध्ये नाकारला. सप्टेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने पतीचे अपील फेटाळताना स्पष्ट केले की, अपस्मार हा असाध्य रोग नव्हे, तो मानसिक विकारही नव्हे, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून तो पुढे करता येणार नाही. अपस्मार असलेली व्यक्ती सर्वसामान्य आयुष्य जगू शकते, ही मज्जाविकारतज्ज्ञाची साक्ष न्यायालयाने ग्राह्य धरली. निर्णय पत्नीच्या बाजूने लागला. तो ज्या पुराव्यावर उभा राहिला तो येथेही पाहणाऱ्याचा होता.

रुग्णाने स्वतः बोलण्याची उदाहरणे अलीकडची आहेत. पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः या आजारासह जगून, शस्त्रक्रियेस सामोरे जाऊन, ‘संवेदना’ हा अपस्मार असलेल्यांचा आधारगट उभा केला आणि त्यांच्यासाठी वधूवर-सूचक कामही सुरू केले. तेथे आजार प्रथम सांगितला जातो, सोयरीक नंतर. वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी भरावयाच्या नमुन्यातही अपस्मार किंवा अकस्मात शुद्ध हरपण्याचे झटके येतात काय, हा प्रश्न अर्जदारासच विचारलेला आहे आणि उत्तर त्याच्याच सहीने द्यायचे आहे. महामार्गावरच्या तिवशात दुचाकीवाचून रोजगार चालत नाही. तेथे त्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणाऱ्यास आणि सोयरिकीत ‘चक्कर’ म्हणणाऱ्यास भीती एकाच गोष्टीची असते.