पारपटल-चित्रण

डोळ्याच्या दर्शनी भागातील पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटलाचे, जिवंत डोळ्यातच घेतलेले सूक्ष्म चित्र. बोलीत या पडद्यालाच बुबुळ म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे 1991 साली पुढे आलेले तंत्र परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणावरून पडद्याचा उभा छेद दाखवते. व्रण किंवा फूल किती खोल आहे, हे त्यावरून मोजता येते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक त्याहून बारीक पाहतो. एकाच पातळीवरून आलेला प्रकाश छिद्रातून घ्यायचा आणि वरखालचा अडवायचा, हे त्याचे तत्त्व मार्विन मिन्स्की यांनी 1957 च्या पेटंट-अर्जात मांडले. सुमारे एक मायक्रॉनपर्यंतचा तपशील त्यात उमटतो, म्हणून चेतातंतू, पेशी आणि बुरशीचे धागेही दिसतात.

या शेवटच्या गुणाचे मोल पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात अधिक आहे. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातील न्हावऱ्याचा. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ती बुबुळाला चाटून गेली की ओरखड्यातून बुरशी आत शिरू शकते. बुरशीचा आणि जिवाणूंचा व्रण नुसत्या पाहणीत पुष्कळदा सारखाच भासतो, उपचार मात्र वेगळे. बुरशीवर नॅटामायसिन लागते, प्रतिजैविकाने ती हटत नाही आणि स्टेरॉईडच्या थेंबांनी फोफावते. प्रयोगशाळेत ती वाढून ओळख पटायला कित्येक दिवस जातात. चित्र काही मिनिटांत मिळते.

व्रण खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहणे स्वस्त असताना महागडे यंत्र कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशी असलेल्या सुमारे 86 टक्के रुग्णांत कॉन्फोकलने ती टिपली. पण नसलेल्यांपैकी सुमारे 19 टक्क्यांतही ती असल्याचा कौल दिला. शिवाय सुटे जिवाणू त्यात सहसा ओळखू येत नाहीत, आणि चित्र वाचणारा डोळाही तयार असावा लागतो. तरी खरवड वरवरचीच निघते. संसर्ग खोल असेल, वरचा थर भरून आला असेल, किंवा औषध सुरू असताना धागे उरले का हे पुन्हा पाहायचे असेल, तर खरवडीचा हात तिथवर पोचत नाही. म्हणून तालुक्याला खरवड आणि साधा सूक्ष्मदर्शक, आणि कॉन्फोकल पुण्यासारख्या मोठ्या केंद्रात, हीच वाटणी योग्य. पात लागलेला डोळा लाल झाला, तर तपासणीआधी दुकानातून आणलेला स्टेरॉईडचा थेंब त्यात घालू नये.