विधी-इंग्रजीचे अध्यापन

कायद्याच्या विद्यार्थ्यांना अधिनियम, न्यायनिर्णय व न्यायालयीन लेखन यांची इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकविणारा विषय. महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांत तो ‘लीगल लँग्वेज’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थीही येथे अडखळतो, कारण ओळखीचे शब्द निराळा अर्थ घेऊन येतात. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, प्रतिफल. ‘रिलीफ’ म्हणजे दिलासा नव्हे, न्यायालयाकडे मागितलेली दाद. ‘एक्झिक्युशन’ दस्ताचे असेल तर निष्पादन, हुकूमनाम्याचे असेल तर अंमलबजावणी आणि कैद्याचे असेल तर फाशी.

ही भाषा मुळातच मिश्र आहे. इंग्लंडमध्ये वादविवाद फ्रेंचमध्ये आणि दप्तर लॅटिनमध्ये चालत असे. १३६२ च्या कायद्याने तोंडी कामकाज इंग्रजीत आणण्याचे ठरविले. दप्तरातील लॅटिन मात्र १७३३ पर्यंत टिकली. ‘विल अँड टेस्टामेंट’ यासारख्या जोडशब्दांत एक शब्द इंग्रजी आणि दुसरा लॅटिन वळणाचा असतो, तो या इतिहासामुळे.

मुंबईत कायद्याचे शिक्षण १८५५ पासून, पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ पासून. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांनी, शिकविण्याचे माध्यम दुसरे असले तरी, इंग्रजी विषय सक्तीचा ठेवला आहे. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या अधीन असलेल्या न्यायालयांची भाषा मात्र १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली. त्यामुळे वर्गातली भाषा आणि नव्या वकिलाच्या पहिल्या कोर्टातली भाषा बहुधा वेगळी असते.

परीक्षेत सर्वाधिक भर लॅटिन सूत्रांवर असतो. ‘रेस ज्युडिकाटा’, ‘मेन्स रिया’, ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’ ही अर्थासह पाठ केली जातात. त्यांसाठी हर्बर्ट ब्रूम यांचा १८४५ चा सूत्रसंग्रह अजून चाळला जातो. पाठांतराला गुण देणे सोपे असते, हेच या भराचे मुख्य कारण दिसते. सूत्र येते पण कलम वाचता येत नाही, अशी विद्यार्थ्याची अवस्था त्यातूनच होते.

अध्यापनाचा खरा गाभा वाक्यरचना हा आहे. जॉर्ज कूड यांनी १८४३ मध्ये कायद्याच्या वाक्याचे चार भाग पाडले: प्रसंग, अट, कर्ता आणि कृती. म्हणजे कोणत्या परिस्थितीत, काय घडल्यावर, कोणी, काय करावे. ही फोड मराठी विद्यार्थ्याला विशेष उपयोगी पडते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजी कलमात ‘शॅल’ मध्येच येऊन जातो आणि अपवाद मागून येतात. म्हणून आधी ‘शॅल’ शोधावा, मग त्याचा कर्ता, मग अटी, असा क्रम वर्गात लावता येतो. कलमांचे आपापसांतील नाते दाखविणारे शब्दही येथेच शिकवावे लागतात. ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होणारे कलम दुसऱ्यावर मात करते, ‘सब्जेक्ट टू’ असलेले दुसऱ्यापुढे नमते. ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे परंतुक, ते मुख्य नियमातून काही वगळते. ‘शॅल’ नेहमी बंधनकारकच असतो का, यावर न्यायालयांचे निर्णय संदर्भानुसार बदलतात.

सरावासाठी उत्तम साहित्य अधिनियमांतच आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता आणि १८७२ चा करार अधिनियम यांतील दृष्टान्त छोट्या, सरळ वाक्यांत आहेत. ‘ए’ आणि ‘झेड’ किंवा ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यात काय घडले, ते वाचून कलमाचा अवघड मजकूर उलगडतो. दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही दृष्टान्तांची पद्धत ठेवली आहे.

लेखनात वादपत्र, नोटीस, शपथपत्र आणि निर्णयाचा गोषवारा हे प्रकार येतात. निर्णयलेखनाबाबत स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध अजय कुमार सूद (२०२२) हे प्रकरण उपयोगी आहे. उच्च न्यायालयाचा निर्णय वाचून कळेना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठविला आणि परिच्छेदांना क्रमांक देण्यासारख्या साध्या सूचनाही केल्या.

अभिरूप न्यायालय हा तोंडी सरावाचा भाग आहे.

राज्यातील कोर्टांच्या इंग्रजीत ‘रोजनामा’, ‘पंचनामा’, ‘मुद्देमाल’, ‘दरखास्त’, ‘पुरसीस’ हे शब्द जसेच्या तसे लिहिले जातात. इंग्लंडात तयार झालेल्या पुस्तकांत ते सापडत नाहीत. विद्यार्थी ते ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली शिकतो. उलट बाजूने, इंग्रजी संज्ञांच्या मराठी प्रतिशब्दांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. मूळ मराठीत संमत झालेल्या राज्य अधिनियमाचा राजपत्रात राज्यपालांच्या प्राधिकाराने छापलेला इंग्रजी अनुवाद, ३४८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार, त्याचा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो.