२ जानेवारी : एका तारखेच्या घटना कशा वाचाव्यात

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाले की एक विद्यार्थी पुढे येऊन दिनविशेष वाचतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांतही हेच चालते. एका दमात पाच-सहा घटना सांगितल्या जातात. कुठे लढाई, कुठे जन्म, कुठे अवकाशयान. ऐकणाऱ्या मुलांना साहजिकच प्रश्न पडतो, की या सगळ्या गोष्टी एकाच तारखेला का घडल्या? त्यांचे आपसांत काही नाते आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. त्यासाठी आपण २ जानेवारी ही तारीख घेऊ, कारण तिची एक मोठी घटना मुरबाड तालुक्यातच, सिद्धगडावर घडली आहे.

१. तारीख म्हणजे काय?

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस आणि जवळजवळ सहा तास लागतात. दर वर्षी २ जानेवारीला ती आपल्या कक्षेत साधारण त्याच जागी आलेली असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हेही खरे. पण कक्षेतली ही जागा पृथ्वीवर लढाया घडवत नाही की शाळा उघडत नाही. तारीख ही काळाच्या मोजणीतली खूण आहे. घटनेची कारणे माणसांत, त्यांच्या गरजांत आणि निर्णयांत शोधायची असतात.

२. २ जानेवारीच्या काही नोंदी

१४९२ : स्पेनमधले ग्रॅनाडा हे मुस्लिम राज्य संपले.
१७५७ : इंग्रजांच्या रॉबर्ट क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या ताब्यातून कलकत्ता परत घेतले.
१८८१ : पुण्यात 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला.
१८८५ : पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले.
१९०५ : पोर्ट आर्थर येथे रशियन सैन्य जपानला शरण गेले.
१९४३ : सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.
१९४४ : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे निधन झाले.
१९५४ : भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले.
१९५९ : चंद्राकडे जाणारे 'लूना १' हे सोव्हिएत यान सुटले.
१९६१ : पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला.

३. नात्यांचे तीन प्रकार

*पहिला प्रकार : योगायोग.* यादीतल्या बहुतेक जोड्या याच प्रकारात येतात. वर्षाला दहा महत्त्वाच्या घटना धरल्या, तर पाचशे वर्षांत पाच हजार होतात. त्या ३६५ दिवसांवर वाटल्या की एकेका तारखेच्या वाट्याला सरासरी तेरा-चौदा येतात. म्हणजे कोणतीही तारीख उघडा, ती भरलेलीच असणार. तुमच्या वर्गात २३ मुले असतील, तर त्यांपैकी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. १९४३ साली कोतवाल आणि बरोबर एका वर्षाने महर्षी शिंदे गेले, हा असाच योगायोग आहे.

*दुसरा प्रकार : सामाईक कारण.* 'मराठा' आणि फर्ग्युसन यांचे तसे नाही. दोन्हींमागे टिळक, आगरकर, नामजोशी हीच मंडळी होती. त्यांची न्यू इंग्लिश स्कूल ही शाळाही १८८०च्या जानेवारीतच निघाली आणि 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी. इंग्रजी वर्षाच्या आरंभी नवे काम सुरू करणे सोयीचे असते, बहुधा म्हणूनच त्यांच्या बऱ्याच कामांचे आरंभ या आठवड्यात पडले. नेमकी २ तारीख जुळणे हा योगायोग. जानेवारीचा आरंभ जुळण्याला मात्र कारण आहे.

*तिसरा प्रकार : ठरवून पाळलेला दिवस.* महाराष्ट्र पोलीस दर वर्षी २ जानेवारीला आपला स्थापना दिन साजरा करतात, तो १९६१च्या ध्वजप्रदानाची आठवण म्हणून. इथे आधी घटना घडली आणि मग माणसांनी ती तारीख जपली.

४. तारीख तीच, दिवस तोच का?

आता एक बारकावा पाहू. १४९२ साली युरोपात ज्युलियन दिनदर्शिका चालत असे. तिचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा किंचित लांब होते, त्यामुळे ती मागे पडत गेली. १५८२ साली तिच्यात सुधारणा झाली आणि आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका आली. आजच्या मोजणीने ग्रॅनाडाचा दिवस ११ जानेवारी ठरतो. रशियाने ही सुधारणा १९१८ साली स्वीकारली. म्हणून पोर्ट आर्थर पडले तेव्हा रशियातल्या कागदांवर २० डिसेंबर १९०४ ही तारीख होती. आपल्या पंचांगाने पाहिले तर सिद्धगडची घटना शके १८६४च्या मार्गशीर्ष वद्य पक्षात येते, आणि ती तिथी दर वर्षी २ जानेवारीला येत नाही. दिनदर्शिका बदलली की यादीतले शेजारीही बदलतात. तारखेचे नाते किती वरवरचे असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

५. सिद्धगड : तिथेच का, तेव्हाच का?

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. ते वकील होते आणि शेतकऱ्यांसाठी काम करत होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी बडे नेते पकडले गेले. मग ठिकठिकाणचे कार्यकर्ते भूमिगत झाले. कोतवालांनी आझाद दस्ता हे भूमिगत पथक उभारले. खोपोली आणि भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज जात होती. तिच्या तारा सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलखातून जात. ते मनोरे पाडले की ब्रिटिश सरकारची युद्धाची यंत्रणा अडखळते, हे दस्त्याने ओळखले आणि मनोरे पाडले.

सह्याद्रीच्या डोंगरांत आणि रानात लपायला आसरा होता. गावकऱ्यांची साथ मिळाली म्हणून दस्ता टिकला. अखेर पोलिसांना माग लागला आणि २ जानेवारी १९४३च्या पहाटे कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील गोळीबारात पडले. ही तारीख त्यांनी निवडली नव्हती. त्यांनी निवडले होते ते काम, आणि त्या कामाची जोखीम. तारीख जपली ती इथल्या लोकांनी. आजही २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमून त्यांना मानवंदना देतात.

आता १७५७ची नोंद पुन्हा पाहा. कलकत्ता परत घेतल्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये प्लासीची लढाई झाली आणि बंगालमध्ये इंग्रजांची सत्ता रोवली गेली. ती सत्ता उखडण्यासाठी कोतवाल लढले. या दोन घटनांत खरे नाते आहे, पण ते कारणांच्या १८६ वर्षांच्या साखळीने जोडलेले आहे. दोन्हींची तारीख वेगळी असती, तरी ते नाते तसेच राहिले असते.

६. ज्यांना एक तारीख नसते

दिनविशेषाला एक मर्यादाही आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाऊ लागले, पण हे काम एका दिवसाचे नव्हते. आधी अनेक वर्षे बांधकाम चालले, पुढच्या दशकांत ते टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. तानसाकाठच्या वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी लोकांच्या आयुष्यात त्यामुळे झालेले बदल हळूहळू झाले. असा इतिहास रोजच्या फळ्यावर सहसा येत नाही, तरी तो फार मोठा असतो. तो घरातल्या आजी-आजोबांना विचारून मिळवावा लागतो.

७. निष्कर्ष

एका तारखेच्या घटना शेजारी बसवल्याने त्यांचे नाते सिद्ध होत नाही. म्हणून मुलांनो, दिनविशेष वाचताना प्रत्येक नोंदीला चार प्रश्न विचारा. हे कुठे घडले? कोणत्या कारणाने घडले? त्यामुळे पुढे काय बदलले? आणि ही तारीख कोणी, कशासाठी लक्षात ठेवली? असे प्रश्न विचारले की पाठ केलेली यादी अभ्यासाचा विषय होते.

शिक्षकांनाही एक विनंती. २ जानेवारीला ग्रॅनाडा आणि लूना जरूर सांगा, पण शहापूर-मुरबाडच्या फळ्यावर पहिली ओळ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांची असू द्या. तिच्याखाली फक्त 'बलिदान' लिहून थांबू नका. ते कशासाठी लढले, हेही एका वाक्यात लिहा.