निश्चिंत राजाचें कारंजें

राजवाडे पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा वैभव पाहून परततो. परंतु राजाची इच्छा कोठवर चालली यापेक्षां ती कोठें अडली, हें जाणण्याची ज्याला जिज्ञासा असेल, त्यानें बर्लिनजवळील पॉट्सडाम येथें जाऊन प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा उन्हाळी वाडा अवश्य पाहावा. वाड्याचें नांव 'सान्सूसी'. फ्रेंच भाषेंत याचा अर्थ 'चिंतारहित' असा आहे.

फ्रेडरिकनें १७४४ सालीं एका उजाड टेकडीच्या उतारावर सहा रुंद टप्पे खोदविले. ऊन नीट खेळावें म्हणून त्यांच्या भिंती अर्धवर्तुळाकार आंत वळविल्या, आणि त्यांवर द्राक्षाचे वेल चढविले. कांचेची दारें लावलेल्या कोनाड्यांतून अंजिरें जोपासलीं. माथ्यावर वाडा उठला तो एकमजली, आणि १७४७ सालीं राजा तेथें राहावयास आला. वास्तुकार क्नोबेल्सडोर्फ याचें म्हणणें, इमारतीला उंच जोतें द्यावें, म्हणजे ती खालून भव्य दिसेल. राजाला मात्र खोलींतून सरळ बागेंत पाऊल टाकावयाचें होतें. त्यानें आपलेंच खरें केलें.

परंतु बागेंतील पाण्यानें राजाचें ऐकलें नाहीं. टप्प्यांच्या पायथ्याशीं हौद बांधला व त्यांतून उंच कारंजें उडवावयाचें ठरलें. योजना अशी होती, कीं हाफेल नदीचें पाणी कालव्यानें आणावें, पवनचक्क्यांच्या बळानें मागील टेकडीवरील तलावांत चढवावें, आणि तेथून नळ्यांनीं खालीं सोडावें. शोभेकरितां त्या तलावाभोंवतीं रोमन धर्तीचे बनावट भग्नावशेषही उभारले! पण लांकडाच्या नळ्या पाण्याच्या दाबानें फुटल्या. त्या काळचा श्रेष्ठ गणिती ऑयलर हा बर्लिनच्या विद्वत्परिषदेंत होता. त्यानें हिशेब करून १७४९ सालीं राजाला लिहून कळविलें, कीं नळ्यांवर केवढा दाब पडतो याचा विचारच झालेला नाहीं, आणि लांकडाच्या नळ्या टिकणार नाहींत. त्याच्या सल्ल्याप्रमाणें काम झालें नाहीं. पैसा वाचवावयाचा, अननुभवी माणसांवर काम सोंपवावयाचें, असा क्रम चालू राहिला. १७५४ च्या वसंतांत तलावांत सांचलेल्या पावसाच्या व वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर कारंजें थोडा वेळ उडालें. राजाच्या हयातींतील यश काय तें एवढेंच.

अपयशाचें खापर मात्र फुटलें शास्त्राच्या माथ्यावर. पुढें १७७८ सालीं व्हॉल्टेअरला लिहितांना फ्रेडरिकनें भूमितीची यथेच्छ टवाळी केली, आणि ऑयलरची आंकडेमोड निरुपयोगी ठरली ही समजूत लोकांत पिढ्यान्‌पिढ्या रूढ झाली. अलीकडील संशोधकांनीं ते हिशेब पुन्हां तपासले, तेव्हां ऑयलर बरोबर असल्याचें आढळून आलें. विद्वानाचा सल्ला मागावा, खर्चाच्या भीतीनें तो बाजूस सारावा, आणि काम फसलें म्हणजे विद्वत्तेला नांवें ठेवावीं, ही रीत केवळ अठराव्या शतकाची नव्हे.

कारंजें शेवटीं १८४२ सालीं उडालें, तें बोर्झिगच्या कारखान्यांतील वाफेच्या यंत्रानें, आणि चांगलें ३८ मीटर उंच. हें यंत्र ज्या इमारतींत बसविलें ती बाहेरून मशिदीसारखी दिसते. तिचा मिनार म्हणजे धुराडें होय.

राजाची दुसरी इच्छाही अशीच लांबली. आपल्या कुत्र्यांशेजारीं, वाड्यापुढील चौथऱ्यावर आपणांस पुरावें, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. १७ ऑगस्ट १७८६ रोजीं तो याच वाड्यांत वारला. पण गादीवर आलेल्या पुतण्यानें त्याला चर्चमध्यें बापाशेजारीं पुरलें. ज्या बापानें ऐन तारुण्यांत त्याच्या जिवलग मित्राचा शिरच्छेद करविला, तोच हा बाप. दुसऱ्या महायुद्धांत शवपेटी हलविण्यांत आली व ठिकठिकाणीं फिरली. अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजीं, २०५ वर्षांनीं, ती त्या चौथऱ्यावर विसावली. तेथील साध्या शिळेवर आज प्रवासी बटाटे ठेवतात. कारण त्या पिकाचा प्रसार त्यानें आग्रहानें केला. सायलेशिया प्रांत त्यानें तलवारीनें मिळविला, त्याची आठवण करून देणारें तेथें कोणी कांहीं ठेवीत नाहीं.